सूचनापत्रकाचे आयुष्य

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गुरुग्रामच्या पलीकडे, मानेसर हे औद्योगिक गाव आहे. तेथील कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीबरोबर एक पुस्तिका दिली जाते. चाकात हवा किती भरावी, तेल केव्हा बदलावे, कोणता दिवा लागला म्हणजे काय समजावे, हे तिच्यात सांगितलेले असते. मोटार दहा वर्षे चालली तरी ही पुस्तिका बहुतांशी खरीच राहते. कारण कारखान्याचे फाटक ओलांडल्यावर मोटारीची यांत्रिक रचना बदलत नाही.

संगणकाच्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी आहे. लोकांच्या हाती गेल्यानंतरही ते बदलत राहते आणि ज्या पायावर ते उभे असते तो पायाही बदलत राहतो. त्यामुळे त्याच्या सूचनापत्रकातील एकही अक्षर न हलता ते जुने होते, आणि एके दिवशी सर्वस्वी चुकीचे ठरते. हे कसे घडते, आणि त्यावर उपाय कोणता, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

लायब्ररी म्हणजे काय?

संगणकशास्त्रात 'लायब्ररी' हा शब्द पुस्तकांच्या संग्रहासाठी नव्हे, तर तयार आज्ञावल्यांच्या संग्रहासाठी वापरतात. पायथन या भाषेत आज्ञावली लिहिणारा मनुष्य आकडेमोडीची प्रत्येक रीत नव्याने लिहीत बसत नाही. आकड्यांच्या मोठ्या कोष्टकांवर काम करण्यासाठी तो 'नमपाय' ही लायब्ररी घेतो, आलेख काढण्यासाठी 'मॅटप्लॉटलिब', आणि माहितीतून अनुमान काढण्याच्या रीतींसाठी 'सायकिट-लर्न'. यांतील एक दुसरीच्या आधारावर उभी असते. नमपाय नसेल, तर सायकिट-लर्न चालणार नाही.

या तिन्ही लायब्रऱ्या मुक्तस्रोत आहेत. त्यांचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, विनामूल्य वापरता येतो, आणि त्यात सुधारणा करून इतरांना देता येते. ही व्यवस्था उदार खरी. परंतु विकत घेतलेल्या यंत्राबरोबर दुकानदार किंवा कंपनीचा कारागीर येतो, तसा येथे बहुधा कोणी येत नाही. 'हे कसे बसवावे' आणि 'अडचण आल्यास कोठे विचारावे' हे सांगणारे पानच दुकानदाराचे व कारागिराचे काम करते. ते पान चुकले, तर लायब्ररी कितीही उत्तम असली तरी नवख्या माणसाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच होय.

सूचना जुनी का होते?

याचे एक ठळक उदाहरण पायथन भाषेतच सापडते. या भाषेची तिसरी मुख्य आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबविण्यात आली. मधली अकरा वर्षे दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदत होत्या. दोहोंतील एक फरक अगदी साधा आहे. पडद्यावर काही छापावयाचे असल्यास 'प्रिंट' ही आज्ञा देतात. दुसऱ्या आवृत्तीत तिच्यापुढे मजकूर नुसता लिहिला तरी चालत असे. तिसरीत तो कंसात लिहावा लागतो. एवढ्याशा फरकामुळे जुन्या पाठावरून उतरविलेली पहिलीच ओळ नव्या संगणकावर चूक म्हणून परत येते.

दुसरे उदाहरण लायब्ररी बसविण्याच्या रीतीचे आहे. पायथनच्या लायब्रऱ्या सार्वजनिक कोठारातून आणून संगणकावर बसविणाऱ्या साधनाला 'पिप' म्हणतात. पिपला व्यवस्थापकाचे अधिकार देऊन लायब्ररी थेट संपूर्ण संगणकासाठी बसवावी, अशी सूचना असंख्य पानांवर वर्षानुवर्षे छापलेली होती. तिच्यात एक धोका दडलेला होता. लिनक्स जातीच्या कार्यप्रणालींची स्वतःची काही कामे पायथनमधूनच चालतात. तेव्हा पिपने एखादी लायब्ररी बदलली, की कार्यप्रणालीचे एखादे अंग निकामी होण्याचा संभव असे. म्हणून २०२३मध्ये उबुंटूची २३.०४ आणि डेबियनची १२वी आवृत्ती आली, तेव्हा त्यांनी ही वाट बंद केली. हे वातावरण बाहेरून सांभाळले जात आहे, असा संदेश देऊन पिप आता तेथे थांबते. योग्य रीत अशी, की आपल्या कामापुरते एक वेगळे 'आभासी वातावरण' तयार करावे आणि लायब्ररी त्यात बसवावी. त्यायोगे कार्यप्रणालीला धक्का लागत नाही. येथे लायब्ररी बदलली नव्हती आणि सूचनाही बदलली नव्हती. पायाखालची जमीन मात्र बदलली होती.

तिसरे उदाहरण नावाच्या घोटाळ्याचे. सायकिट-लर्न बसविताना तिचे पूर्ण नाव द्यावे लागते. पण आज्ञावलीत तिला बोलावताना 'एसकेलर्न' हे लघुनाव वापरतात. साहजिकच अनेकजण बसवितानाही लघुनावच देत. त्यांची सोय व्हावी म्हणून त्या नावाचे एक पोकळ गाठोडे कोठारात ठेवलेले होते; ते मागितले की खरी लायब्ररी येई. पुढे ही सोय मागे घेण्याचे ठरले. परंतु ती एका रात्रीत बंद केली नाही. डिसेंबर २०२२पासून ते गाठोडे अधूनमधून ठराविक वेळी नकार देऊ लागले, आणि डिसेंबर २०२३पासून ते नेहमीच नकार देते. विशेष हे, की नकाराच्या संदेशातच खरे नाव कोणते आणि पुढे काय करावे, हे लिहिलेले असते. जुने पान दुरुस्त झाले नसले, तरी वाचकाला वाट सापडते.

पवईतील अनुभव

मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या मार्गदर्शनाखाली 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा राहिला. केंद्र सरकारच्या, माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाच्या राष्ट्रीय अभियानातून त्याला साहाय्य मिळाले. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार करावयाचे आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत करावयाचे, अशी ही योजना. विद्यार्थ्याने पाठ थोडा ऐकावा, थांबवावा, आणि तीच कृती शेजारी स्वतः करून पाहावी, अशी त्याची पद्धत आहे.

या पाठांच्या आरंभी निवेदक एक गोष्ट आवर्जून सांगतो: हा पाठ तयार करताना कोणती कार्यप्रणाली आणि सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली आहे. वरवर पाहता हे वाक्य नीरस वाटते. वस्तुतः ते पाठातील सर्वांत उपकारक वाक्य होय. ऐकणाऱ्याच्या पडद्यावर काही निराळे दिसले, तर दोष आपल्या बुद्धीचा नसून आवृत्तीचा असावा, हे त्याला त्यावरून कळते.

मात्र आवृत्ती सांगितल्याने पाठ जुना होण्याचे थांबत नाही. पायथनवरील आधीच्या पाठांनंतर ३.४.३ या आवृत्तीवर आधारलेली नवी मालिका करावी लागली. ती आवृत्ती २०१५मधील होती, आणि ३.४ या शाखेची देखभाल २०१९मध्ये थांबली. छापील पान दुरुस्त करणे त्यामानाने सोपे असते. ध्वनिमुद्रित पाठातील एक वाक्य बदलावयाचे, तर ते प्रत्येक भाषेत पुन्हा बोलावे लागते. भाषांतर जितक्या अधिक लोकांपर्यंत पोहोचते, तितका दुरुस्तीचा भारही वाढतो.

दुरुस्ती कशी करावी?

अनुभवातून काही नियम सिद्ध झाले आहेत. पहिला नियम असा, की पानावर आवृत्ती आणि दिनांक असावा. दुसरा, सूचना लिहिणाऱ्याने त्या आपल्या नेहमीच्या संगणकावर तपासू नयेत. त्याच्या संगणकावर आवश्यक ते सारे पूर्वीच बसविलेले असते. म्हणून गाळलेली पायरी त्याच्या लक्षात येत नाही. कोऱ्या संगणकावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालून पाहणे, हीच खरी कसोटी. तिसरा, ते पान नवख्याच्या हाती देऊन पाहावे. तो जेथे अडेल तेथे दोष पानाचा समजावा, त्याचा नव्हे.

चौथा नियम सर्वांत दुर्लक्षित आहे. नवी सूचना जोडणे पुरेसे नसते. जुनी काढणेही आवश्यक असते. एकाच पानावर तीन काळांतील तीन रीती असल्या, तर कोणती पाळावी हे जाणकारालाच कळते, आणि जाणकाराला त्या पानाची गरज नसते. जुने पान ठेवावयाचेच असेल, तर त्याच्या माथ्यावर नव्या पानाचा पत्ता द्यावा.

साहाय्याच्या पानालाही हेच लागू आहे. कोणत्या आवृत्तीची देखभाल केव्हापर्यंत होईल, हे तेथे स्पष्ट असावे. उबुंटूची १४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०१४मध्ये आली, तेव्हा तिला पाच वर्षांच्या देखभालीचे आश्वासन होते; त्यामुळे वापरणाऱ्याला आधीच आखणी करता आली. शिवाय, प्रश्न कोठे विचारावा आणि त्याबरोबर काय पाठवावे, हेही सांगावे. कार्यप्रणालीचे नाव, आवृत्ती, दिलेली आज्ञा आणि आलेला संदेश जसाच्या तसा, एवढे कळविले तर उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम झालेले असते.

हे काम कोणाचे?

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये नवी रीत निर्माण करणाऱ्याचे नाव होते; पान दुरुस्त करणाऱ्याचे सहसा होत नाही. म्हणून हे काम मागे पडते. त्याची किंमत मात्र ज्याच्यापाशी विचारावयास कोणी नाही, त्यालाच मोजावी लागते. मोठ्या शहरातील विद्यार्थी शेजारच्या मित्राला विचारून पाच मिनिटांत पुढे जातो. तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसलेली विद्यार्थिनी तीच ओळ दहादा लिहिते, दहादा नकार मिळविते, आणि 'हा विषय माझ्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढून उठते. तिचा निष्कर्ष चुकीचा असतो; चुकलेले असते ते पान.

सुदैवाने हे असे काम आहे, की त्याला मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. बहुतेक मुक्तस्रोत लायब्रऱ्यांत सूचनांचा मजकूर मूळ आज्ञावलीच्या शेजारीच ठेवलेला असतो, आणि दुरुस्ती सुचविण्याचा मार्ग सर्वांना खुला असतो. जो नुकताच अडखळला आणि नुकताच सावरला, त्याला खाचखळगा कोठे आहे हे तज्ज्ञापेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. पुढे जाण्यापूर्वी त्याने ती एक ओळ बदलली, तर मागून येणाऱ्या कित्येकांना तेथे अडावे लागणार नाही.