ज्याला फळा दिसत नाही, त्याचीही शाळा



या पानावर एरवी बेणे, खोडवा आणि पाचट यांवर माहिती देत असतो. या वेळी विषय वेगळा आहे. शेतकी खात्याच्या कामासाठी तेलगाव परिसरात वाडी-वस्तीवर फिरताना असे दिसते की, ज्या घरात एकरी टनेज तोंडपाठ असते, त्याच घरात एखादे पोर कमी दिसते किंवा ऐकू येत नाही म्हणून घरी बसलेले असते. "त्याला शिकवून काय करायचं, बसून खाईल बापडं," असे घरचेच म्हणतात. हे बरोबर नाही. आज त्या पोराच्या शिक्षणाला लागणारे यंत्र बहुतेक घरांत आलेले आहे. ज्या मोबाईलवर आपण भाव आणि हवामान पाहतो, तोच मोबाईल.

लुई ब्रेल या फ्रान्समधील अंध मुलाने १८२४ च्या सुमारास सहा ठिपक्यांची लिपी बसवली. आपल्याकडे मुंबईत १९०० साली अॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईंनी अंधांची शाळा काढली आणि १९५१ मध्ये सर्व भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरली. ब्रेल आजही शिकलीच पाहिजे, कारण शुद्धलेखन आणि गणित नुसते ऐकून पक्के होत नाही. पण ब्रेल पुस्तके जाडजूड, महाग आणि वेळेवर मिळायला अवघड. तिथे मोबाईल उपयोगी पडतो.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अॅक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो. त्यात 'टॉकबॅक' सुरू केले की पडद्यावर बोट ठेवाल ते फोन बोलून सांगतो. मराठी आवाज एकदा उतरवून घ्यावा लागतो. बोट एकदा टेकवले की नाव ऐकू येते, दोनदा टेकवले की ते उघडते, आणि पडदा सरकवायला दोन बोटे लागतात. पहिले दोन दिवस गोंधळ होतो. (चुकून हे चालू झाल्यावर "फोन बिघडला" म्हणून दुकानात नेणारेही आहेत!) कॉम्प्युटरसाठी 'एनव्हीडीए' नावाचे असेच साधन आहे. ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने ते २००६ मध्ये सुरू केले आणि ते फुकट मिळते.

आता खरी अडचण सांगतो. फोन अक्षरे वाचतो, पण अक्षरांचा फोटो त्याला नीट वाचता येईलच असे नाही. शाळेच्या व्हॉट्सअॅप गटावर गुरुजी वहीच्या पानाचा फोटो टाकतात, तेव्हा अंध मुलाच्या हाती काही लागत नाही. तोच अभ्यास टाईप करून टाकला किंवा बोलून पाठवला तर लागतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूरही फोन भलताच वाचतो, कारण त्या फॉन्टमागे इंग्रजी अक्षरेच दडलेली असतात. युनिकोडमध्ये टाईप केलेले मात्र बरोबर वाचतो. यात खर्च एक पैशाचा नाही. पालक सभेत हे एकदा गुरुजींच्या कानावर घाला, चांगले गुरुजी लगेच ऐकतात. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीपासून अंधांसाठी पुस्तक ऐकण्याच्या रूपात करून घ्यायला कॉपीराईट आडवा येत नाही. 'सुगम्य पुस्तकालय' २०१६ पासून अशी पुस्तके पुरवते.

कानाचे काम वेगळे आहे आणि त्याला घाई आहे. उसात नांग्या भरायच्या त्या महिना-दीड महिन्यात, नंतर लावलेले रोप सावलीत खुरटते. मुलाची भाषाही अशीच पहिल्या काही वर्षांत रुजते. "उशिरा बोलेल, त्याचा बापही उशिराच बोलला होता," या भरवशावर चार वर्षे घालवू नका. हाक मारल्यावर वळत नसेल तर लगेच तपासा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचे पथक येते, ही योजना २०१३ ची आहे. जन्मतः बहिऱ्या बालकांच्या कानातील शस्त्रक्रियेसाठी केंद्राची मदत आहे, पण तीही पाच वर्षांच्या आतच. मोठ्या मुलांसाठी, बोललेले मराठीत लिहून दाखवण्याची सोय मोबाईलवर २०१७ पासून आहे. वर्गात गलका असेल तर ती चुकते, म्हणून पोराला पुढे बसवावे.

आणखी एक प्रकार डोळ्याला दिसत नाही. पोर हुशार, हिशेब तोंडी करते, पण वाचताना अक्षरांची अदलाबदल करते. त्याला "ढ" म्हणून मार बसतो. ही वाचनाची अक्षमता आहे. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अशा मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. धडा फोनकडून ऐकत ऐकत बोट फिरवून वाचला तर अशा पोराला पुष्कळ आधार होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार धरले आहेत. चाळीस टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत फुकट शिकण्याचा हक्क आहे. "तुमच्या मुलाला शहरातल्या खास शाळेत घाला" असे सांगून गावची शाळा दार लावू शकत नाही. खास शाळा हवी की गावची, हे मुलाच्या बाजूने ठरवायचे. मात्र सवलतींसाठी प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज ऑनलाईन भरून बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणीला जावे लागते. हे काम उन्हाळ्यात उरका.

तोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट याहून अवघड. तपासणीचे पथक गावात येते तेव्हा पोर दुसऱ्या जिल्ह्यात कोपीवर असते. सभासदांनी आणि मुकादमांनी टोळीत असे पोर आहे का, हे उचल देतानाच विचारावे आणि गाडी निघण्याआधी त्याची तपासणी करून घ्यावी. फडात रेंज नसते, म्हणून बालभारतीची पुस्तके आणि धड्यांचे आवाज गावातच फोनमध्ये भरून द्यावेत. श्रवणयंत्र असेल तर त्याचे जादा सेलही सोबत बांधून द्यावेत. कोपीवर दुकान जवळ नसते, आणि सेल संपला की यंत्र ट्रंकेत जाते ते हंगाम संपेपर्यंत.