दहाव्या वर्षीचा काटा

वजन उतरवणाऱ्या शस्त्रक्रियांच्या सत्तर वर्षांत बऱ्याच पद्धती आल्या आणि गेल्या. दुसऱ्या वर्षाचा निकाल जवळपास प्रत्येकीचा चांगला होता. ज्या मोडीत निघाल्या, त्या पुढच्या वर्षांत निघाल्या. म्हणून या शस्त्रक्रियांचा मागोवा तंत्रापेक्षा कॅलेंडरच्या अंगाने घेतलेला बरा: कोणी आपल्या पेशंटकडे किती वर्षं पाहिलं, आणि त्याला काय दिसलं?

सुरुवात १९५४ ची. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून उरलेली टोकं जोडण्याची कल्पना मांडली. अन्न पोटात जाई, पण अंगी लागत नसे. साठ-सत्तरच्या दशकांत ही शस्त्रक्रिया खूप झाली आणि वजनही भराभर उतरलं. पुढे मात्र सततचे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी आणि काहींचं यकृत निकामी होणं, असं सगळं बाहेर आलं. अनेकांची आतडी पुन्हा होती तशी जोडून द्यावी लागली आणि ऐंशीच्या दशकापर्यंत ही वाट बंद झाली.

आयोवातल्या एडवर्ड मेसन यांना दुसरीच गोष्ट दिसली होती. अल्सरमुळे ज्यांच्या जठराचा भाग काढला होता, त्यांचं वजन नंतर वाढत नव्हतं. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी जठराचा वरचा छोटा कप्पा वेगळा करून तो थेट लहान आतड्याला जोडला. आजच्या गॅस्ट्रिक बायपासचं हे मूळ. पुढे आतड्याला हात न लावता जठराला टाके मारून आणि पट्टी घालून त्याची वाट अरुंद करण्याची सोपी पद्धतही त्यांनीच काढली. तिथे शरीराने पळवाट शोधली. पोळी किंवा मांस अडकतं, आइस्क्रीम आणि मिल्कशेक मात्र सहज उतरतात, हे पेशंटना लवकर कळलं. टाकेही काहींचे सुटले आणि उतरलेलं वजन हळूहळू परतलं.

नव्वदच्या दशकात जठराभोवती दुर्बिणीतून बसवता येणारा, हवा तेव्हा सैल-घट्ट करता येणारा बँड आला. कापाकापी नाही, नको झाला तर काढता येतो, म्हणून तो लोकप्रिय झाला. ब्रसेल्सचे सर्जन जाक हिम्पेन्स यांनी आपलेच बारा-तेरा वर्षांपूर्वीचे पेशंट पुन्हा बोलावून तपासले आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापला: सुमारे निम्म्या लोकांचा बँड काढावा लागला होता. स्वतःच्या कामाचा असा हिशेब फार कमी सर्जन मांडतात.

या सगळ्या काळात एका देशाने शिस्तीने वाट पाहिली. स्वीडनमध्ये लार्स शोस्ट्रॉम यांच्या पुढाकाराने १९८७ मध्ये एक अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया झालेले २,०१० लोक आणि त्यांच्याशी मिळतेजुळते, नेहमीचेच उपचार घेणारे २,०३७ लोक. त्यातून निघालेला वजनाचा आलेख आज या विषयाचा कणा आहे. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं, दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली आणि पंधराव्या वर्षी २७ टक्के होती. बँडवाले २० वरून १४ आणि मग १३ वर आले. शस्त्रक्रिया न झालेले लोक मात्र मूळ वजनाच्या दोन-तीन टक्के इकडेतिकडेच राहिले. म्हणजे तळ गाठल्यावर काटा थोडा वर चढणं हा अपवाद नाही, तो नेहमीचा क्रम आहे. आठ-दहा वर्षांनी तो बहुधा स्थिरावतो. मधुमेहाचंही तसंच. दुसऱ्या वर्षी ७२ टक्के लोकांचा मधुमेह आटोक्यात येऊन औषधांची गरज संपली होती, पंधराव्या वर्षी असे ३० टक्के उरले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांमधले मृत्यू तुलनेने कमी होते आणि २०२० च्या हिशेबाप्रमाणे आयुष्य सरासरी तीन वर्षांनी वाढलं होतं.

काटा वर का चढतो, याचं उत्तर जिद्दीच्या अभावात शोधायची आपल्याला सवय आहे. शरीराचं म्हणणं वेगळं आहे. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांना संशोधक केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी तपासलं. कसलीही शस्त्रक्रिया न करता, व्यायाम आणि आहार यांवर त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. त्यातले ४१ परत आले होते. आणि त्या वजनाच्या माणसाकडून अपेक्षित असेल त्याहून त्यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. गेलेली चरबी परत मिळवण्यासाठी शरीर वर्षानुवर्षं काटकसर करतं. शस्त्रक्रियेचा जोर इथेच आहे. जठर लहान होतं हा त्यातला अर्धाच भाग. भूक लावणारं घ्रेलिन कमी होतं आणि तृप्ती देणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. पण शरीराची काटकसर त्यामुळे कायमची थांबत नाही.

मग शस्त्रक्रिया टिकते की नाही? यूटामध्ये टेड ॲडम्स यांच्या गटाने बायपास झालेल्यांचा बारा वर्षं पाठपुरावा केला, तोही नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना न गमावता. दुसऱ्या वर्षी सरासरी ४५ किलो उतरले होते, सहाव्या वर्षी ३६ आणि बाराव्या वर्षी ३५. बाराव्या वर्षी ७० टक्के लोक मूळ वजनापेक्षा किमान २० टक्क्यांनी खाली होते. सगळं वजन परत आलेले अगदी एक टक्का. याच गटाच्या २००७ च्या अभ्यासात एक कडू बाजूही होती. रोगांमुळे होणारे मृत्यू घटले, पण अपघात आणि आत्महत्या यांसारख्या कारणांनी झालेले मृत्यू वाढले. दारू लवकर आणि जास्त चढते, दुसऱ्या वर्षापासून दारूचं व्यसन वाढलेलं दिसतं, हेही पुढे इतर अभ्यासांत आलं. शस्त्रक्रियेआधी एकदा मानसोपचारतज्ज्ञाची सही घेऊन हा प्रश्न मिटत नाही.

भारतात हा विषय घरोघरी पोहोचला तो बातम्यांतून. नितीन गडकरी यांची २०११ मध्ये मुंबईत, अरुण जेटली यांची २०१४ मध्ये दिल्लीत झालेली शस्त्रक्रिया. मग २०१७ मध्ये सुमारे पाचशे किलो वजनाची म्हणून इजिप्तहून मुंबईला आणलेली इमान अहमद. तिच्या रोजच्या बातम्या उतरलेल्या किलोंच्या होत्या. पुढे अबू धाबीत त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला.

आपल्याकडे आज सर्वांत जास्त होते ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून नळी ठेवण्याची शस्त्रक्रिया. फिनलंडमध्ये २४० पेशंटवर स्लीव्ह आणि बायपास यांची तुलना झाली. दहाव्या वर्षी जास्तीच्या वजनातलं स्लीव्हमध्ये ४३.५ टक्के आणि बायपासमध्ये ५०.७ टक्के कमी राहिलं होतं. फरक मोठा नाही, पण स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला आम्लाने सूज आलेली होती, बायपासमध्ये ७ टक्के. ज्याला आधीच जळजळ आहे, त्याने सर्जनशी हे बोललंच पाहिजे.

खरी परीक्षा तिसऱ्या वर्षाच्या आसपास, घरच्या ताटात असते. आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर पोळी-भात. जेवताना पाणी नाही. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिनं. पनीर, अंडी, मासे, मूग, सोयाबीन यांतून ती भरून काढायची; शाकाहारी घरात तर ही मोजदाद फारच नीट करावी लागते. पहिल्या वर्षी हे जमतं, कारण भूकच नसते. नंतर भूक परतते आणि एकदम जेवता येत नसलं तरी दिवसभर चरता येतं. चहा-बिस्किट, मूठभर फरसाण, वाटीभर आमरस, दोन चमचे श्रीखंड. यातलं काहीच पोटात अडकत नाही. त्यात आपल्या पंगतीतला आग्रह. ‘एवढ्याशाने काय होतंय?’ म्हणत ताटात पडणारी पुरणपोळी नाकारणं हेही उपचाराचाच भाग असतं, आणि ते घरच्यांना सर्जनने सांगायला हवं, पेशंटने नव्हे. जोडीला बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि दरवर्षी रक्ततपासणी, जन्मभर. वजन छान उतरलंय म्हणून गोळ्या सोडणाऱ्यांना पुढे हातापायांच्या मुंग्या किंवा ॲनिमिया गाठतो.

गेल्या काही वर्षांत या गोष्टीत औषधं आली. सेमाग्लुटाइडला वजनासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली, भारतात ते त्यासाठी २०२५ मध्ये आलं. शस्त्रक्रियेनंतर वजन परतलेल्यांनाही डॉक्टर आता अशी इंजेक्शनं देतात. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचं चाचणीत दिसलं. सुरी असो की सुई, निष्कर्ष एकच: लठ्ठपणा हा रक्तदाबासारखा दीर्घकाळचा आजार आहे आणि उपचार थांबला की तो परततो.

आपली व्यवस्था मात्र अजून एका दिवसाची आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमांनुसार ठरावीक अटींत बसणाऱ्यांच्या शस्त्रक्रियेला विमा नाकारता येत नाही. पण नंतरच्या तपासण्या, आहारतज्ज्ञ, समुपदेशन हा खर्च बहुतेक पॉलिसींत पेशंटच्याच खिशातून जातो. जाहिरातींत आधीचा आणि नंतरचा फोटो असतो, आणि तो ‘नंतरचा’ फोटो बहुधा पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा. वजन परत आलेला माणूस लाजेने दवाखान्यात जायचं टाळतो, त्यामुळे तो कुणाच्याच आकडेवारीत येत नाही, आणि त्याची चूक नसताना त्याला उपचारही मिळत नाही. शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने म्हणून किती किलो उतरतील हे नंतर विचारावं. पहिला प्रश्न सर्जनला असा असावा: दहा वर्षांपूर्वी तुम्ही ज्यांचं ऑपरेशन केलंत, त्यातले किती जण आजही तुमच्याकडे येतात, आणि ज्यांचं वजन परत आलं त्यांच्यासाठी तुम्ही काय केलंत?