ऑटोवर राहिलेला माऊस

दीपनगरच्या आमच्या वसाहतीतल्या वाचनालयाची पुस्तकनोंद मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर ठेवतो. त्यावर फ्रीबीएसडी आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली बेल लॅब्जमध्ये ज्या युनिक्सला सुरुवात केली, तिच्याच घराण्यातली ही मोफत प्रणाली १९९३ पासून मिळते. काळा पडदा, पांढरी अक्षरं. सगळं काम कीबोर्डवर. माऊस लागतच नाही. पण कीबोर्ड वायरलेस असला की बहुतेकदा त्याच्या एकाच रिसीव्हरवर माऊसही येतो, आणि पडद्यावर बाण फिरायला लागतो.

फिरेना का, असं कुणी म्हणेल. पण या पडद्यावर डाव्या बटणाने अक्षरांवरून ओढत गेलं की ती उचलली जातात, आणि मधलं बटण दाबलं की कर्सरपाशी येऊन पडतात. उचललेल्या मजकुरात ओळ संपल्याची खूण असेल, तर कॉम्प्युटर तो हुकूम समजून लगेच पाळतो. वाचनालयाची वर्षानुवर्षांची नोंद ज्यावर आहे, तिथे हे मला चालणार नाही.

बाण फिरवणाऱ्या सर्व्हिसचं नाव माऊसडी. आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'माऊसडी_एनेबल' समोर 'नो' लिहिलेलं असतं, तरी प्रोसेसच्या यादीत माऊसडी दिसतेच. थांबवली तर थांबते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला की हजर.

औष्णिक केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला नोकरी केलेल्या माणसाला हे लक्षण ओळखीचं आहे. स्टँडबाय ऑइल पंप ऑटोवर असला आणि दाब उतरला, की तो आपोआप सुरू होतो. त्याला नुसता थांबवून उपयोग नसतो. त्याला स्टार्टचा सिग्नल कुठून येतो, ते आधी शोधायचं.

इथला सिग्नल शोधायला रिसीव्हर काढून कॉम्प्युटर सुरू करावा. माऊसडी यादीत नसते. रिसीव्हर लावला की उगवते, आणि तिच्या ओळीत 'यूएमएस०' हे यूएसबी माऊसचं नाव दिसतं. म्हणजे तिला सुरू करणारी वेळ बूटची नाही, माऊस जोडण्याची आहे. नवं उपकरण आलं की 'डेव्हडी' नावाची दुसरी सर्व्हिस जागी होते आणि त्या माऊसपुरती माऊसडी सुरू करते. आपण लिहिलेला 'नो' ठरलेल्या मुख्य माऊसपुरता. नंतर येणाऱ्या माऊससाठी 'माऊसडी_नॉनडिफॉल्ट_एनेबल' ही वेगळी सेटिंग आहे, आणि ती मुळातच 'येस' असते. मला हे योग्य वाटतं. माऊस लावल्यावर तो चालावा, हीच बहुतेकांची अपेक्षा असते.

मूळ सेटिंग्ज 'डिफॉल्ट्स' फोल्डरमध्ये असतात. त्यांना हात लावू नये, कारण प्रणाली अपडेट झाली की तिथला बदल पुसला जाऊ शकतो. आपल्या आरसी डॉट कॉन्फमध्ये एक ओळ वाढवावी: 'माऊसडी_नॉनडिफॉल्ट_एनेबल' बरोबर 'नो'. मग रिसीव्हर काढून पुन्हा लावून पाहावं.

लिनक्सवर असंच काम जीपीएम नावाची सर्व्हिस करते. सर्व्हिस सांभाळायला सिस्टमडी असलेल्या लिनक्सवर एखादी सर्व्हिस 'डिसेबल' केली, तरी दुसरी सर्व्हिस तिला सुरू करू शकते. 'मास्क' केली की कुणालाच करता येत नाही.

आणि फ्रीबीएसडीवर पुढे एखादा माऊस खरंच लागला, तर 'माऊसडी_यूएमएस०_एनेबल' समोर 'येस' लिहावं. त्या नावाचा तेवढा एक माऊस चालेल, बाकीचे बंदच राहतील.