इस्त्रीने जडणारा थर

गोधडीवर जो दाट धावदोरा असतो, त्यात शोभेचा अंश थोडा आणि आतील थर जागचे सरकू नयेत याचा बंदोबस्त अधिक. बटवा, चष्म्याचे घर अशा किरकोळ शिवणकामात हा बंदोबस्त आता इस्त्रीकडे सोपविता येतो; कारण फ्यूजिबल बॅटिंग नावाच्या मऊ, फुगीर थराच्या एका अथवा दोन्ही अंगांस उष्णतेने मऊ होणाऱ्या प्लास्टिकवर्गीय द्रव्याचा सूक्ष्म लेप असतो. डिंक वाळून चिकटतो. हा लेप मात्र, दस्तऐवजावरील मोहरेच्या लाखेप्रमाणे, तापून पाझरतो आणि निवताना धाग्यांच्या फटींत घट्ट रुतून बसतो. सुती कापड मुळी वितळतच नाही, पॉलिएस्टर सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते, आणि लेप त्याहून पुष्कळ कमी उष्णतेत मऊ पडेल असाच योजिलेला असतो.

अडचण येते ती हवेची. रजईला ऊब देणारी, तंतूंत कोंडलेली हवा उष्णतेची मंद वाहक असल्यामुळे येथे आडकाठी करिते; म्हणून कापडाच्या बाजूने, पुष्कळदा ओलसर फडके घालून, इस्त्री दाबावी लागते, म्हणजे आत शिरलेली वाफ पुन्हा पाणी होताना आपली उष्णता लेपापाशीच सोडते. इस्त्री ओढल्यास थर सरकतो, फार दाबल्यास फुगीरपणाच जातो. तुकडा पुरता निवेपर्यंत हलवू नये. गरम असता उचलल्यास जोड सुटतो. वारंवार धुतल्या जाणाऱ्या मोठ्या रजईस मात्र, माझ्या मते, टाक्यांवाचून गत्यंतर नाही.