दांडपट्टा : मनगट बांधलेली तलवार

एखाद्या कामात तरबेज असलेल्या माणसाला आपण ‘पटाईत’ म्हणतो. हा शब्द मूळचा रणांगणावरचा. पट्टा चालवण्यात निष्णात तो पटाईत! आपल्या जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मगाव. तेथे किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्ट्याचे हात तुम्ही पाहिले असतील. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. पण हे विचित्र दिसणारे शस्त्र खऱ्या लढाईत कितपत उपयोगी होते?

प्रथम त्याची रचना पाहू. पाते सरळ, लवचिक आणि एक मीटर किंवा त्याहून अधिक लांब असते. साध्या मुठीऐवजी हात झाकणारा लोखंडी खोबळा असतो. त्याच्या आत आडवी मूठ आणि कोपराकडे हात अडकवण्याची पट्टी असते. त्यामुळे पाते हाताच्या सरळ रेषेत राहते आणि मनगट वाकत नाही.

याचा फायदा काय? एक प्रयोग करा. सव्वा मीटर लांबीची काठी अशी धरा, की तिचा एक मीटर भाग मुठीच्या पुढे राहील. पुढच्या टोकाला अर्धा किलो वजन टांगा. बलाला अंतराने गुणले, की परिबल मिळते. येथे ते सुमारे ५ न्यूटन-मीटर होते. एकट्या मनगटाला ते पेलताना त्रास होतो. आता काठीचा मागचा पाव मीटर भाग हाताच्या खालच्या बाजूला टेकवा. लगेच हायसे वाटेल! तेच परिबल आता कोपराजवळच्या २० न्यूटन दाबाने तोलले जाते. पट्ट्यावर शत्रूचा घाव बसला, तरी तो हातातून निसटत नाही, त्याचे कारण हेच.

आता वेग पाहू. खांद्यापासून मुठीपर्यंत ६० सेंटिमीटर धरा. समजा, हात सेकंदाला एक फेरा घेतो. ८० सेंटिमीटर पात्याच्या तलवारीचे टोक सेकंदाला ८.८ मीटर जाईल, तर ११० सेंटिमीटरच्या पट्ट्याचे १०.७ मीटर.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. फिरणारे वस्तुमान अक्षापासून दुप्पट दूर नेले, तर ते फिरवणे व थांबवणे चौपट जड होते. म्हणून पट्टा मध्येच थांबवून दिशा बदलणे कठीण असते, तो सतत फिरता ठेवावा लागतो. मनगटाचा झटका देता येत नाही. शिवाय फेऱ्यासाठी सुमारे ९ चौरस मीटर जागा मोकळी हवी, म्हणजे आपल्याच सोबत्यांनीही दूर राहायला हवे. दाटीवाटीच्या रांगेत तो निरुपयोगी, पण अनेकांनी घेरलेल्या एकट्या वीराला मोठा आधार.

१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाने शिवाजी महाराजांवर पट्ट्याचे वार केले. तेव्हा जिवा महालाने त्याचा हात शस्त्रासकट तोडला, असे सभासद बखर सांगते. पट्टा हातातून पाडणे किती अवघड, हे यावरून कळते.

यापुढे पट्ट्याचा खेळ पाहाल, तेव्हा खेळाडूच्या खांद्याकडे आणि पायांकडे नीट लक्ष द्या. मनगटाचे काम तेच करत असतात.