निरोपाची मैफल आणि तिचे धनी

आवडता गायक रंगभूमी सोडतो तेव्हा रसिकांना वाईट वाटते, यात नवल नाही. परंतु २० ऑगस्ट २०१६ च्या रात्री कॅनडात जे घडले, ते नुसत्या हळहळीच्या पलीकडचे होते. ‘दि ट्रॅजिकली हिप’ या रॉक वाद्यवृंदाची अखेरची मैफल त्यांच्या किंग्स्टन गावी झाली. सुमारे एक कोटी सतरा लाख लोकांनी ती थोडीफार तरी पाहिली वा ऐकली. देशाची वस्ती साडेतीन कोटींच्या घरात. म्हणजे दर तिघांत एक! हे कशामुळे झाले, याचा विचार करण्यासारखा आहे.

पहिले कारण गाण्यांत आहे. १९८४ साली उभ्या राहिलेल्या या मंडळींना शेजारच्या अमेरिकेत फारसे नाव मिळाले नाही. त्यांचा गायक व गीतकार गॉर्ड डाउनी आपल्याच मुलखाविषयी लिहीत राहिला. १९५१ साली विमानासह बेपत्ता झालेला हॉकीपटू बिल बारिल्को, न केलेल्या खुनासाठी तेवीस वर्षे तुरुंगात काढलेला डेव्हिड मिलगार्ड, बॉबकेजनसारखे लहानसे गाव, असे त्याचे विषय. ज्यांचे जिणे सहसा कोणी गाण्यात घालत नाही, त्यांना कोणी गाण्यात घातले की ती माणसे त्या गायकाला परका मानत नाहीत.

मे २०१६ मध्ये जाहीर झाले की, डाउनीला मेंदूचा असाध्य कर्करोग आहे. तरीही तो दौऱ्यावर निघाला. स्मरणशक्ती दगा देत होती. स्वतःच लिहिलेले शब्द त्याला समोरच्या पडद्यावर वाचावे लागत. किंग्स्टनला एका गाण्याच्या शेवटी त्याला रडू आवरेना, तो ओरडला, आणि त्याच्याबरोबर सभागृहही रडले. कामावर उभा राहूनच निरोप घेणारा माणूस पाहिला की कष्टकऱ्याच्या पोटात कालवते. ते आम्हाला समजते.

दुसरे कारण मात्र भावनेचे नाही, व्यवस्थेचे आहे. तिकिटे खुली झाली आणि काही मिनिटांत संपली. संगणकाच्या करामतीने ती घाऊक उचलून अनेक पटींनी विकणारे दलाल मोकाट होते. वर्षानुवर्षे ही गाणी म्हणत आलेला रसिक दाराबाहेर राहिला. पुढे ऑन्टारियो प्रांताने २०१७ साली कायदा करून या यांत्रिक खरेदीला बंदी घातली. फेरविक्रीच्या किमतीवर घातलेली मर्यादा मात्र प्रत्यक्षात आलीच नाही. २०१९ साली ती काढून टाकली गेली. रोष ताजा असतो तेव्हा कायदा होतो, पाठपुरावा थांबला की त्यातले कलम गळते. संघटनेच्या कामात हा अनुभव जुनाच आहे.

त्या रात्रीपुरता तोडगा काढला तो सार्वजनिक नभोवाणी संस्थेने. सीबीसीने रिओ ऑलिंपिकचे प्रक्षेपण बाजूला ठेवून संपूर्ण मैफल, एकही जाहिरात न घालता, देशभर दाखवली. सभागृहात काही हजार माणसे मावली. पण गावोगावच्या चौकांत, बागांत पडदे लागले. किंग्स्टनच्या बाजारचौकातच हजारोंची दाटी झाली. दलालाला जे विकता आले नाही ते हेच: एकत्र बसून रडण्याचा हक्क.

आणि डाउनीने त्या गर्दीचे काय केले? सभागृहात पंतप्रधान जस्टिन ट्रूडो हजर होते. सर्वांसमक्ष त्याने उत्तरेकडील आदिवासींच्या हालांची गोष्ट काढली. त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचे शिक्षण आपल्याला जन्मभर मिळाले, असे त्याने सुनावले आणि सुधारणेची जबाबदारी पंतप्रधानांवर टाकली. त्याच वर्षी त्याने चेनी वेनजॅक या बारा वर्षांच्या आदिवासी मुलावर गीतसंग्रह काढला. सक्तीच्या निवासी शाळेतून घराकडे पायी निघालेला हा मुलगा १९६६ साली रेल्वेरुळांच्या कडेला मरण पावला होता. दोघांच्या नावाने निधीही सुरू झाला. १७ ऑक्टोबर २०१७ रोजी डाउनी गेला; निधीचे काम पुढे चालू राहिले.

रसिकांचे अश्रू खरे होते, यात शंका नाही. पण सगळ्यांना एकत्र बसण्याची जागा मिळाली आणि जाणाऱ्याने एक काम हाती दिले, म्हणून ते अश्रू त्या रात्रीबरोबर वाळून गेले नाहीत. लाडक्या कलावंताला निरोप देणाऱ्या प्रत्येक समाजाने या दोन गोष्टींची तजवीज आधी करावी.