अठराच्या आधीचं मत

गेदर्सबर्ग, मेरिलंड



अमेरिकेत शाळा कशा शिकवतात यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. त्या चालवतं कोण, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मेरिलंडमध्ये सरकारी शाळा काउंटीच्या हातात असतात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. आमच्या माँटगोमेरी काउंटीत दोनशेहून अधिक शाळा आणि दीड लाखाहून जास्त मुलं आहेत, आणि शाळांचं वार्षिक अंदाजपत्रक तीन अब्ज डॉलरच्या वर जातं. हा कारभार आठ सभासदांचं शिक्षण मंडळ पाहतं. त्या आठांपैकी एक शाळेत शिकणारा विद्यार्थी असतो.

शिक्षकदिनी मुलं एक दिवस शिक्षक होतात, तसला हा प्रकार नाही. दर वसंतात माध्यमिक शाळांतली मुलं मतदान करून आपला सभासद निवडतात. आधी प्रतिनिधींच्या संमेलनात दोन उमेदवार ठरतात, मग ते शाळाशाळांतून प्रचार करत फिरतात. बसमार्ग, दुपारचं जेवण, समुपदेशकांची संख्या असे मुलांच्या रोजच्या जगण्यातले प्रश्न त्यात असतात. ही जागा १९७८ पासून आहे. सुरुवातीला तिला मताचा अधिकारच नव्हता, पुढे काही विषयांपुरता मिळाला. २०१६ च्या कायद्याने अंदाजपत्रक, शाळा बंद करणं, शाळांच्या हद्दी ठरवणं अशा मोठ्या निर्णयांतही तो आला. हद्द बदलली की पालक किती पेटून उठतात, हे इथे राहणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक आहे, कारण घर घेताना आपली माणसं आधी शाळेची हद्द पाहतात. त्या निर्णयात बारावीच्या मुलीचंही एक पूर्ण मत असतं.

या मताचं वजन कळलं ते शेजारच्या हॉवर्ड काउंटीत. करोनाच्या काळात शाळा पुन्हा प्रत्यक्ष भरवाव्यात का, यावर तिथलं मंडळ दुभंगलं. प्रस्तावाला पाच मतं हवी होती. विद्यार्थी सभासद विरोधात गेला, बरोबरी झाली आणि प्रस्ताव पडला. काही पालक कोर्टात गेले. अठरा वर्षांखालच्या मुलाने सार्वजनिक निर्णयात मत देणं आणि त्याला मुलांनीच निवडून देणं राज्यघटनेत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं आणि जागाही राहिली, मतही राहिलं. त्या प्रस्तावावर माझं मत काय होतं, हा वेगळा विषय. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की एका शाळकरी सभासदाच्या मताने खरोखर काहीतरी घडलं, म्हणूनच मोठी माणसं वकील घेऊन उभी राहिली. शोभेच्या पदासाठी कुणी कोर्टाची पायरी चढत नाही.

आमच्या माँटगोमेरी काउंटीतल्याच टाकोमा पार्क या छोट्या शहराने २०१३ मध्ये स्थानिक निवडणुकीत सोळाव्या वर्षी मताधिकार दिला. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. तिथल्या पहिल्याच निवडणुकीत नोंदणी केलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या मतदानाचं प्रमाण एकूण प्रमाणाच्या पुष्कळ वर गेलं.

सगळंच अनुकरणीय आहे असं मात्र नाही. मेरिलंडमध्ये शालेय शिक्षण पूर्ण करण्यासाठी पंचाहत्तर तासांची समाजसेवा सक्तीची आहे. १९९७ च्या तुकडीपासून हा नियम लागू आहे. त्यातून किती मुलांना खरी गोडी लागते याबद्दल मला शंका आहे. फॉर्मवर सही मिळाली की काम संपलं, अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यात आपली मराठी मुलंही आहेत. तास मोजून घेतले की मुलं तासच मोजतात. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर मदतीला गेलेली सहावी-सातवीची मुलं मात्र घरी येऊन आईबाबांना विचारतात, ‘तुम्ही मत दिलंत का?’

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली आहेत. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. त्या मार्चमध्ये आठवीत असलेली मुलं बारावीत पोचेपर्यंत त्यांच्या वॉर्डाला नगरसेवक नव्हता. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात महापालिकेवरचा धडा होता, बाहेर मात्र तो पाहायला मिळत नव्हता. या मुलांना नागरिक व्हायला कुणी शिकवलं नाही अशी तक्रार करणं अन्यायाचं होईल. उन्हात चौकात उभी राहून वाहतूक सांभाळणारी आरएसपीची मुलं, एनएसएसची शिबिरं, शालेय मंत्रिमंडळं हे आपल्याकडे आहेच. पण यातल्या कुणालाही एकाही निर्णयात मत नाही. शाळेचं मंत्रिमंडळ शाळेच्या खर्चातला एक रुपया इकडचा तिकडे करू शकत नाही.

आपल्याला सुरुवात करायला मेरिलंडचा कायदा लागत नाही. घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी नव्वदच्या दशकात कचरा वेगळा करायला घेतला, त्यातून एएलएमची, म्हणजे ‘अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’ची, कल्पना उभी राहिली आणि महापालिकेने ती शहरभर नेली. गल्लीतल्या माणसांनी एकत्र येऊन वॉर्ड ऑफिसशी बोलायचं, एवढाच तिचा पाया. या बैठकांना मुलांचीही खुर्ची असावी असं मला मनापासून वाटतं. नववी ते बारावीतली दोन मुलं, गल्लीतल्या मुलांनीच निवडलेली, आणि ठरावावर मोठ्यांइतकंच मत. फुटपाथ, खेळाचं मैदान, शाळेच्या वाटेवरचा दिवा यावर त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळतं, कारण त्यांची रोजची ये-जा तिथूनच असते.

मुलुंडच्या टी वॉर्डात किंवा बोरिवलीत आर-मध्यमध्ये एखादी एएलएम हे करून पाहणार असेल, तर एकच विनंती. बैठकीची वेळ मुलांचे क्लास सुटल्यानंतरची ठेवा, आणि पहिल्याच बैठकीत एक खरा ठराव त्यांच्या मतालाही टाका.